छतावरचा बर्फ आणि भूकंप : जडत्वाचा एक धडा



जडत्व शिकवताना आपण एसटीच्या ब्रेकचं उदाहरण देतो. आज त्याच जडत्वाचं जपानमधलं एक उदाहरण पाहू. तिथे भूकंपही होतात आणि नीगातासारख्या भागात हिवाळ्यात छतांवर भरपूर बर्फही साचतो.

भूकंपात घराचं काय होतं?
जमीन आडवी हलते. पाया तिच्याबरोबर सरकतो, पण छत जडत्वामुळे जागेवरच राहू पाहतं. ही ओढाताण भिंती आणि खांब सोसतात. छत जितकं जड, तितकी ओढ जास्त. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चालत्या एसटीत उभं राहून बघा, म्हणजे कळेल!

मुलांसाठी गणित
जास्त बर्फाच्या भागात १ चौरस मीटर छतावरच्या १ सेंटिमीटर थराचं वजन साधारण ३ किलो धरतात. थर १ मीटर आणि छत ५० चौरस मीटर असेल, तर वजन किती?
३ × १०० × ५० = १५,००० किलो. म्हणजे १५ टन!

मग सगळं वजन धरायचं का?
नाही. जपानच्या नियमानुसार अशा भागात भूकंपाचा हिशोब करताना बर्फाच्या भाराचा ३५ टक्के भाग धरतात. आपल्या उदाहरणात तो सव्वापाच टन होतो. कारण सर्वांत जास्त बर्फ आणि मोठा भूकंप एकाच दिवशी येण्याची शक्यता कमी असते. पण बर्फ महिनोन्महिने छतावर राहतो, म्हणून शून्य धरूनही चालत नाही. नुसत्या बर्फासाठी पूर्ण भाराची तपासणी वेगळी होतेच.

२३ ऑक्टोबर २००४ ला नीगातामध्ये मोठा भूकंप झाला. पुढच्याच हिवाळ्यात भरपूर बर्फ पडला आणि खिळखिळी झालेली काही घरं त्या भाराने कोसळली.

आपला संबंध काय?
आपल्याकडे बर्फ नाही, पण ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवा. तिथल्या माळवदाच्या घरांवर मातीचा जाड थर होता, खाली मातीत रचलेल्या दगडी भिंती. बर्फ वितळून जातो, माती मात्र बारा महिने तिथेच असते.

म्हणून मुलांना एक गृहपाठ द्या : आपल्या घराच्या छतावर काय काय ठेवलंय? पाण्याची टाकी, विटा, जुनं सामान... यादी करा, अंदाजे वजन काढा आणि यातलं काय खाली आणता येईल, ते घरच्यांशी बोला.