अडथळ्यांची शर्यत आणि आपला खेळाचा तास

वरच्या प्राथमिक वर्गांत थोरांची चरित्रे सांगण्याचा प्रघात जुना आहे. ही चरित्रे बहुधा दूरच्या काळातील व दूरच्या मुलखातील असतात, त्यामुळे मुलांना ती कथेसारखी वाटतात. आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांना ही अडचण यापुढे वाटू नये. आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी १३ सप्टेंबर १९९४ रोजी जन्मलेले अविनाश साबळे हे पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावले. या शर्यतीत त्या फेरीपर्यंत पोचलेले ते पहिले भारतीय पुरुष होत. त्यांच्यावर पाठ कसा घ्यावा, आणि त्यातून आपल्या कामाविषयी काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शर्यत समजून घेतली पाहिजे, कारण शिक्षकास जे स्पष्ट दिसत नाही ते त्याला मुलांस दाखविता येत नाही. इंग्रजीत हिला स्टीपलचेस म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. एका गावच्या मनोऱ्यापासून दिसणाऱ्या दुसऱ्या मनोऱ्याच्या रोखाने, वाटेतील कुंपणे व ओढे ओलांडीत जाण्याच्या स्पर्धेतून ती निघाली. आपल्याकडे वस्तीवरचा मुलगा बांध, ओघळ व काटेरी कुंपण ओलांडून शाळेला येतो, तसाच हा प्रकार. आज ती धावपट्टीवर होते. तीन हजार मीटर अंतरात अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळा आणि सात वेळा पाण्याचा अडथळा पार करावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. म्हणजे इयत्ता तिसरीच्या मुलाच्या छातीच्या आसपास. हे वर्गात एका मुलाला उभे करून मोजून दाखवावे. दुसऱ्या अडथळ्यांच्या शर्यतीत पाय लागला की चौकट पडते. येथील जाड तुळई पडत नाही, धावणारा मात्र पडतो. पाण्याच्या अडथळ्यापुढील खड्डा ३.६६ मीटर लांबीचा असून अडथळ्यालगत तो खोल व पुढे उतरणीने उथळ होत जातो. जो दूर उडी घेतो त्याचे पाऊल उथळ पाण्यात पडते, जो थकलेला असतो त्याचे खोल पाण्यात. अशा रीतीने एका फेरीतील थकवा पुढील फेरीत आणखी वाढतो.

आता चरित्राकडे वळू. आईवडील शेतमजुरी व वीटभट्टीवरील काम करणारे. शाळा घरापासून सुमारे सहा किलोमीटर, व वाहनाची सोय नाही. मूल कधी चालत, कधी धावत जाई. बारावी उत्तीर्ण झाल्यावर साबळे सैन्यात महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत दाखल झाले. सियाचीनच्या हिमप्रदेशात, पुढे राजस्थानच्या वाळवंटात व सिक्कीममध्ये त्यांनी सेवा केली. २०१५ साली सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री शर्यतीत ते उतरले, आणि तेथून खऱ्या अर्थाने धावपटू म्हणून त्यांचे शिक्षण सुरू झाले. मध्यंतरी दुखापतीमुळे वजन वाढले होते, ते उतरवावे लागले. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सूचनेवरून २०१७ च्या सुमारास ते अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले.

येथे एका गोष्टीकडे शिक्षकांचे लक्ष वेधावेसे वाटते. हे चरित्र सांगताना आपण सहजपणे म्हणून जातो, "पाहा, गरिबीने व पायपिटीने हा मुलगा घडला." हे विधान मला मान्य नाही. गरिबीने धावपटू घडत असता तर आपल्या जिल्ह्यात त्यांची वाण पडली नसती. ज्या वीटभट्टीवर, ज्या उसाच्या फडात आपली मुले आईबापांमागे जातात, तेथून परत न आलेल्या मुलांची नावे आपल्याच हजेरीपटांवर आहेत. सहा किलोमीटरची वाट हेही आपल्या व्यवस्थेचे भूषण नव्हे. शिक्षण हक्क कायद्याखालील आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, ते काही उगाच नव्हे. त्या वाटेने मुलाचे पाय बळकट झाले असतील, परंतु त्याच वाटेने कितीएक मुलींची शाळा सुटली, हेही आपणांस ठाऊक आहे.

मग या चरित्रात शाळेचा वाटा कोणता? माझ्या मते तो एवढाच, पण फार मोठा: हा मुलगा बारावीपर्यंत शाळेत टिकला. सातवीतच तो कामाला लागला असता तर सैन्यभरतीचे दार त्याला कदाचित उघडलेच नसते. आणि ते न उघडते तर मैदान, आहार, प्रशिक्षक यांपैकी काहीच लाभले नसते. ज्या वयात आम्ही मुलांना शिकवितो त्या वयात साबळे काही पदकविजेते नव्हते. वीस वर्षांचे होईपर्यंत त्यांच्यातील गुण जगाला दिसला नव्हता. तो कोणत्या मुलात आहे हे ओळखणे आपल्याला बहुधा साधणार नाही. कोणतेही मूल त्या वयापर्यंत वाटेतून गळू न देणे हे मात्र साधण्यासारखे आहे.

उलट बाजूचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. बीड शहरातील सचिन धस यांच्या हाती बालपणीच बॅट आली, वडिलांनी त्यांना क्रिकेटपटू करण्याचे ठरवूनच वाढविले, आणि वयोगटांच्या स्पर्धांची एकेक पायरी चढत ते भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघात पोचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे चार गडी ३२ धावांत बाद झाले असता त्यांनी ९६ धावा केल्या व कर्णधार उदय सहारन यांच्यासह १७१ धावांची भागी रचून सामना फिरविला. हीही वाट खरी आहे. परंतु जेथे घर इतका भार उचलू शकते तेथे शाळेवर कमी अवलंबून राहावे लागते. मांडव्यासारख्या वाटेने येणाऱ्या मुलाला शाळेवाचून दुसरा आधार नसतो.

आता गणिताच्या तासाकडे. या धावपटूची कामगिरी वेळेच्या आकड्यांत लिहिलेली असल्याने पाचवी-सहावीस दशांश अपूर्णांकांसाठी याहून चांगली सामग्री शोधूनही मिळावयाची नाही. १९८१ साली टोकियो येथे गोपाळ सैनी यांनी ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. तो सदतीस वर्षे टिकला. २०१८ च्या सप्टेंबरात भुवनेश्वर येथे साबळे यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद ही वेळ नोंदवून तो मोडला. पुढे मोडावयाचा विक्रम प्रत्येक वेळी त्यांचा स्वतःचाच होता. फळ्यावर पुढील वेळा लिहाव्यात, आठ मिनिटे सर्वत्र समान आहेत: २०१९ मार्च, २८.९४, त्याच वर्षी दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत २५.२३ व तीनच दिवसांनी अंतिम फेरीत २१.३७, २०२१ मार्च, २०.२०, त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये १८.१२, २०२२ मार्च, १६.२१; जूनमध्ये रबात येथे १२.४८, ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम येथे ११.२०, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग शर्यतीत ०९.९१. मुलांनी लागोपाठच्या दोन वेळांतील फरक काढावा व सर्व फरकांची बेरीज करावी. २०१८ च्या २९.८० पासून धरता ती १९.८९ सेकंद आली पाहिजे. दोहा येथे तीन दिवसांत ३.८६ सेकंद कमी झाले, आणि शेवटचे १.२९ सेकंद कमी होण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली. असे का, हे मुलांना विचारावे व उत्तर देण्याची घाई करू नये. मिनिटे साठाच्या हिशेबाने व सेकंदाचे भाग शंभराच्या हिशेबाने चालतात, तेथे मुले हटकून चुकतात. म्हणून आधी सर्व वेळा सेकंदांत मांडून घ्याव्यात.

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेचे उदाहरण तर फूटपट्टीने शिकविता येते. १९९८ ते २०१८ या काळात या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाचेच धावपटू नेत. २०२२ साली केनियाचे अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत पहिले आले, आणि साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरे. फरक ०.०५ सेकंदाचा. तीन हजार मीटरला ४९१.२ सेकंदांनी भागले असता दर सेकंदास सुमारे ६.१ मीटर असा सरासरी वेग निघतो. त्या वेगाने ०.०५ सेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर अंतर होते. मुलांच्या दप्तरातील फूटपट्टी वर काढावयास सांगावी: तीन हजार मीटर धावल्यानंतर सुवर्ण आणि रौप्य यांत राहिलेले अंतर साधारण तेवढे होते.

अपयशाचे प्रसंग गाळू नयेत. दोहा येथील प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या अडथळ्यामुळे साबळे मागे पडले, आणि भारतीय पथकाने रीतसर आक्षेप नोंदविल्यावर त्यांना अंतिम फेरीत स्थान मिळाले. टोकियोत राष्ट्रीय विक्रम करूनही ते अंतिम फेरीत पोचले नाहीत, कारण त्यांच्या गटातच वेगवान धावपटू अधिक होते. २०२३ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ते प्राथमिक फेरीतच बाद झाले, आणि पाच-सहा आठवड्यांनी हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ८ मिनिटे १९.५० सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्याच स्पर्धेत पाच हजार मीटरचे रौप्यपदकही त्यांना लाभले. २०२५ च्या जुलैत मोनाको येथे पाण्याच्या अडथळ्यापाशी पडून त्यांचा गुडघा दुखावला व शस्त्रक्रिया करावी लागली.

या शेवटच्या वाक्यावरून मैदानावरील काळजीचा विषय निघतो. पाठ ऐकून मुले उड्या मारू लागणार, हे गृहीत धरावे. त्यांना बाकावरून वा कठीण जमिनीवर उड्या मारू देऊ नयेत. दोन विटांवर हलकी काठी ठेवावी, स्पर्श होताच ती पडली पाहिजे. उंची गुडघ्याखाली असावी. पलीकडे माती भुसभुशीत करून ओली करावी. कुसळे व बाभळीचे काटे आधी वेचून घ्यावेत, कारण निम्मी मुले अनवाणी असतात. दहा वर्षांच्या मुलांना लांब पल्ल्याची चुरस लावू नये. खो-खो, लंगडी व आट्यापाट्या यांत त्या वयाला लागणारी धाव, वळण व झेप सर्व येते. मुलींना बाजूस बसवून टाळ्या वाजविण्याचे काम देऊ नये. शाळाभेटींत हे दृश्य अजून दिसते, आणि खेळाचा तास वेळापत्रकावर राहून प्रत्यक्षात गणितास दिलेलाही दिसतो. फेब्रुवारीनंतर आपल्याकडील ऊन पाहता हा तास सकाळी घेणेच इष्ट होय.

एक साधी वही ठेवावी. मैदानास दोरीने मोजून एक ठराविक फेरी चुन्याने आखावी, व महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाची वेळ त्याच्या नावापुढे लिहावी. कोण पहिला आला हा रकाना नसावा. मागील महिन्याची वेळ, या महिन्याची वेळ व फरक, एवढे तीनच रकाने पुरेत. दिवाळीनंतर जी मुले पालकांसह ऊसतोडीस जातात त्यांच्या नावापुढील जागा कोरी राहील, परंतु नाव खोडू नये. शक्य तेथे त्यांना हंगामी वसतिगृहात गावीच ठेवावे. जी गेलीच, ती परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांची वेळ घ्यावी. ही वही केंद्रसंमेलनास सोबत आणावी.