कोणते अरण्य आधी पाहावे?

गेल्या वर्षी आमच्या भूगोल मंडळाच्या बैठकीत अभ्याससहलीचा विषय निघाला, तेव्हा पहिले नाव ताडोबाचे आले आणि दुसरे नाव आलेच नाही. ताडोबा सुचविणाऱ्यांत मीच पुढे होतो. वाघ पाहावयाचा, एवढा एकच मुद्दा आमच्याजवळ होता आणि तो पुरेसा वाटत होता. नावे आणि पैसे गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. पंधरा दिवसांनी यादी पाहिली, तर तीत निम्मा वर्गही नव्हता. काही मुलींना चार रात्री बाहेर राहण्याची घरून परवानगी नव्हती. पुष्कळांना खर्च झेपणारा नव्हता. मात्र तसे कोणी बोलून दाखविले नाही. खांडसकडून एस. टी. ने येणारा माझा एक मित्र एवढेच म्हणाला, "तुम्ही जाऊन या. आल्यावर सांग काय काय बघितलं ते."

ती यादी मी सरांना दाखविली. सरांनी ती परत दिली आणि म्हणाले, "ताडोब्यात असे काय शिकायचे आहे की जे इथे शिकता येणार नाही, ते एका कागदावर लिहून आण." तो कागद लिहिता लिहिता माझे मत बदलले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या कागदाचाच विस्तार होय. कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्याने राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये कोणत्या क्रमाने पाहावीत, आणि तो क्रम कसा ठरवावा, याचा विचार येथे केला आहे.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. कायद्यात ते वेगळे आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला. त्यानुसार राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील जमिनीवर शासनाखेरीज कोणाचा हक्क उरत नाही आणि तेथे गुरे चारता येत नाहीत. अभयारण्यात मात्र तेथील लोकांचे काही हक्क चालू ठेवण्यास वाव असतो. म्हणून अभयारण्यात वाड्या, देवळे, शेते आणि चराईची राने आढळतात. हा भेद मला प्रथम निव्वळ परीक्षेपुरता वाटला होता. तो तसा नाही, हे पुढे खांडसच्या वाटेवर कळले. ते शेवटी सांगेन.

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. ताडोबा, पेंच, नवेगाव आणि मेळघाटातील गुगामल ही चार विदर्भात. पाचवे सह्याद्रीतील चांदोली, जे २००४ साली जाहीर झाले. सहावे मुंबई व ठाण्याच्या सीमेवरील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. यांपैकी ताडोबा सर्वांत जुने, १९५५ सालचे. आपल्या रायगड जिल्ह्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही. केवळ 'राष्ट्रीय' या शब्दाकडे पाहून निवड केली, तर आपल्या घरामागचा डोंगर यादीत येतच नाही. निवडीतील पहिली चूक हीच.

निवड कशी करावी?

माझ्या कागदावर मी चार प्रश्न लिहिले. तेथे काय शिकावयाचे? कोणत्या ऋतूत जावयाचे? किती खर्चात, आणि वर्गातील किती जणांना जाता येईल? वाट दाखविणारा माहीतगार माणूस कोण? या चार प्रश्नांची उत्तरे दिल्यावर कीर्तीचा प्रश्न आपोआप मागे पडला.

ऋतूविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. आपल्याकडे सहल म्हटली की धबधबा आणि श्रावण डोळ्यांसमोर येतो. परंतु भर पावसातील डोंगरउतार हा विश्वासाचा नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या अनेकांची घरे अशाच उतारांवर आहेत. त्यामुळे उंच घाटवाटांचा अभ्यास दिवाळीनंतर करावा, असे मी स्पष्टपणे सुचवितो.

भीमाशंकर : पाणलोटाचे अरण्य

वरील चारही कसोट्यांना उतरणारे पहिले ठिकाण म्हणजे भीमाशंकर अभयारण्य. १९८५ साली जाहीर झालेले हे सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे अरण्य पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे, आणि त्याचा पायथा आपल्या तालुक्यात आहे. कर्जतहून कशेळेमार्गे खांडसला जावे. तेथून वर जाण्यास दोन वाटा आहेत. शिडी घाट जवळचा, पण कड्यावरचा आणि धोक्याचा; गणेश घाट लांबचा, पण सोपा. वर्गासाठी गणेश घाटच बरा.

येथे भूगोलाचा एक संपूर्ण धडा पायाखाली येतो. माथ्यावर उगम पावणारी भीमा पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच माथ्यावरचे जे पाणी खांडसच्या अंगाला उतरते, ते उल्हास नदीच्या खोऱ्यात येऊन अरबी समुद्र गाठते. पावसाचा एक थेंब दोन हात अलीकडे पडला की पलीकडे, यावर त्याचा समुद्र ठरतो. नकाशावरील पाणलोटाची तुटक रेघ मला तोपर्यंत फक्त रेघच वाटत होती.

राज्यप्राणी शेकरू याच अरण्यातला. तो जमिनीवर फारसा उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेत जातो. म्हणून त्याला फांदीला फांदी लागलेले सलग रान लागते. मध्ये रस्ता वा माळ आला की त्याची वाट तुटते. शेकरू दिसला नाही, तरी उंच फांद्यांवरील काटक्यापानांची मोठी घरटी दिसतात.

कर्नाळा आणि फणसाड

खालापूरकरांना कर्नाळा अधिक सोयीचे. पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा महामार्गावर हे पक्षी अभयारण्य आहे. १९६८ साली ते अवघे साडेचार चौरस किलोमीटरचे होते. आता सुमारे बारा आहे. एवढ्या लहान रानात, तेही वाहत्या महामार्गाच्या काठी, पक्षी कसे टिकून राहतात, हा येथील अभ्यासाचा विषय. पहाटे लवकर जावे, किल्ल्याची वाट धरावी आणि निम्म्या वाटेवर गप्प बसावे. महामार्गाचा आवाज कोठे थांबतो आणि दयाळ किंवा कस्तूर कोठे ऐकू येऊ लागतो, याची नोंद जरी केली तरी प्रकल्पाला विषय मिळतो.

मुरूड-रोहे भागातील फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान. १९८६ साली ते अभयारण्य झाले. येथील पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात प्राणी याच गाणांवर येतात. म्हणून फणसाड पाहावयाचे तर उन्हाच्या दिवसांत. मुक्काम करावा लागतो, एवढीच अडचण.

डोंगराचे पाणी खाडीत

आता दुसरे टोक. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांजवळून निघून कर्जत, बदलापूर, कल्याणवरून वसईच्या खाडीकडे जाते. ठाण्याजवळ तिचा एक चिंचोळा फाटा ठाणे खाडीशी जोडलेला आहे. खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीकडे जाते. या दोन्ही नद्यांत भर उन्हाळ्यातही पाणी दिसते, त्याचे कारण घाटमाथ्यावर आहे. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. एरवी भीमेच्या खोऱ्यातून पूर्वेला गेले असते असे पाणी धरणांत अडवून नळांतून कोकणात सोडले जाते आणि वीज करून झाल्यावर आपल्या नद्यांना मिळते. निसर्गाने आखलेला पाणलोट माणसाने येथे ओलांडला आहे. भीमाशंकरनंतर भिवपुरी पाहिले, तर हे सहज उमगते.

खाडीचा अभ्यास करण्यास ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य उत्तम. हे २०१५ साली झाले. क्षेत्र जेमतेम सतरा चौरस किलोमीटर. पाणथळ जागांच्या रक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार १९७१ साली इराणातील रामसर गावी झाला, त्याच्या यादीत ही खाडी २०२२ साली आली. कर्जतहून लोकलने ठाणे आणि तेथून ऐरोली, इतका सोपा प्रवास आहे. रोहित पक्षी साधारणपणे हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. चोच उलटी पाण्यात धरून ते चिखलपाणी गाळतात आणि त्यातील शेवाळे व बारीक जीव खातात; त्यांचा गुलाबी रंगही या खाद्यातूनच येतो.

मात्र घड्याळ पाहून येथे भागत नाही, तिथी पाहावी लागते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर पसरतात. होडीला मात्र पाणी हवे. किनाऱ्यावरील लोकांचा जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जे येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. खाडीच्या आतल्या भागात थोडा उशीर धरावा. होडीची वेळ वन विभागाच्या ऐरोली येथील केंद्रात आधी विचारून घ्यावी.

राष्ट्रीय उद्यान पाहावयाचेच असेल, तर यानंतर बोरिवलीला जावे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या रानात तुळशी आणि विहार हे मुंबईला पाणी देणारे तलाव आहेत, कान्हेरीची लेणी आहेत, आणि भोवती महानगर असूनही बिबटे आहेत. सोमवारी उद्यान बंद असते. मग चांदोली, मग ताडोबा.

खांडसच्या वाटेवर

कागद बैठकीत वाचला गेला आणि बेत बदलला. डिसेंबरात एक दिवस खांडस-भीमाशंकर आणि फेब्रुवारीत एक दिवस ऐरोली, असे ठरले. एक-दोघे सोडता सगळा वर्ग आला.

गणेश घाटाच्या वाटेवर माझा तो खांडसकडचा मित्र पुढे होता. शेकरूचे घरटे त्यानेच प्रथम दाखविले. कोणत्या झऱ्याला मे महिन्यापर्यंत पाणी असते, हेही त्याने सांगितले. सरांनी वाटेत बसून राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांतील फरक समजावून दिला. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, "म्हणजे सर, हे उद्या राष्ट्रीय उद्यान झालं, तर आमची गुरं कुठं न्यायची?"

सर लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा प्रश्न वहीत लिहून घ्या सगळ्यांनी."

आम्ही तो लिहून घेतला. चांदोलीच्या रानातून गावे उठवावी लागली होती, हे मी नंतर वाचले. जंगल राखणे आणि जंगलातील माणसाला जगू देणे, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचा मेळ घालणे अवघड आहे. ताडोब्याला गेलो असतो, तर वाघ कदाचित दिसला असता. परंतु हा प्रश्न विचारणारा त्या सहलीत नसता.

ताडोबा पाहावयाचे आहेच. पण आधी घरामागचा डोंगर, मग त्याचे पाणी जेथे जाते ती खाडी, आणि मग दूरची अरण्ये, हा क्रम मला योग्य वाटतो. यंदाच्या बैठकीत फणसाडचा विचार व्हावा, अशी माझी सूचना आहे. मुक्कामाच्या खर्चाचा अंदाज मी काढून ठेवला आहे. नावे लिहिण्यापूर्वी तो वर्गात सर्वांना दाखविला जाईल.