फी सांगताना जीभ का अडखळते?

प्रश्न : मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. नाशिकला स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली आहे. काम जमतं, पण फी सांगताना जीभ अडखळते आणि कुणी "जरा कमी करा ना" म्हटलं की मी लगेच निम्म्यावर येते. काय करू?

उत्तर : ताई, तुमची वेळ चुकते आहे. सत्र संपल्यावर, समोरच्याचे डोळे अजून ओले असताना पैशांचं काढलंत तर कुणाचीही जीभ अडखळेल. फी पहिल्या फोनवरच सांगा : "पन्नास मिनिटांचं सत्र, इतके रुपये; आदल्या दिवशी न कळवता रद्द केलं तर निम्मी फी." आणि गप्प बसा. आपणच स्पष्टीकरण देऊ लागतो, तिथे घासाघीस सुरू होते. सवलत जरूर द्या, पण आठवड्यातल्या दोन वेळा त्यासाठी आधीच राखून ठेवा, म्हणजे भिडेपोटी द्यावी लागणार नाही. दारावरच्या पाटीवर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक लावा. शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांना, फॅमिली डॉक्टरांना स्वतः भेटून या. बरेचसे पेशंट तिथूनच येतात. (जाहिरातीत 'हमखास गुण' मात्र नको.) सुपरव्हिजनचा, म्हणजे ज्येष्ठांकडून आपलं काम तपासून घेण्याचा खर्च फी ठरवतानाच धरा. सुरुवातीचा काळ ओढाताणीचा असतो. हाताशी अर्धवेळ नोकरी असेल तर इतक्यात सोडू नका.