कॅडमियम, ऊन आणि आपली किडनी

उन्हाचा त्रास लगेच कळतो. घाम येतो, घसा कोरडा पडतो, डोके दुखते. कॅडमियम हा धातू थोडाथोडा शरीरात शिरतो, तेव्हा काहीच कळत नाही. पण आपल्या पेशींना दोन्हींचा धक्का जाणवतो.

१९६२ साली इटलीचे शास्त्रज्ञ फेरुच्चिओ रितोसा यांनी नोंदवले, की उष्णता वाढली की फळमाशीच्या पेशींत काही जनुके एकदम कामाला लागतात. पुढे कळले, की त्यातून बचावाची प्रथिने तयार होतात आणि बिघडलेली प्रथिने सावरतात. नंतरच्या प्रयोगांत उष्णता न देता नुसते कॅडमियम दिले, तरी पेशींनी हीच प्रथिने बनवली. घरात आग लागो की पाणी शिरो, धावून येणारे शेजारी तेच, तसे हे आहे.

फरक पुढे आहे. सावलीत बसून पाणी प्यायलो की ऊन उतरते. किडनीत साठलेले कॅडमियम निम्मे व्हायलाच १० ते ३० वर्षे लागतात. उन्हात पाणी कमी पडले तर ताणही त्याच किडनीवर येतो.

जपानमध्ये जिंझू नदीत खाणीचे कॅडमियम उतरले, तेथून भातशेतीत गेले. लोकांच्या किडन्या बिघडल्या, हाडे ठिसूळ झाली. रुग्णांत बहुतेक बाळंतपणे झालेल्या वयस्क स्त्रिया होत्या. १९६८ साली सरकारने हा आजार प्रदूषणामुळे झाल्याचे मान्य केले.

आपल्याकडे ते येते विडी-सिगारेटच्या धुरातून आणि भंगारातल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांतून. अंगात लोह कमी असेल तर आतडी कॅडमियम जास्त शोषतात. म्हणून रक्त कमी असलेल्या बायांना धोका अधिक.

आम्ही एवढेच सांगतो:
• बॅटऱ्या फोडू नका, जाळू नका. मुलांच्या हाती देऊ नका.
• भंगाराचे काम झाल्यावर साबणाने हात धुऊनच जेवा.
• विडी-सिगारेट सोडा.
• हिमोग्लोबिन तपासा. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्या.
• उन्हात तहान लागण्याची वाट न बघता पाणी प्या.
• वर्षानुवर्षे भंगारात काम करणाऱ्यांनी सरकारी दवाखान्यात कामाची माहिती देऊन लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

२०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. तो भार भंगार वेचणाऱ्या बाईच्या किडनीने उचलायचा नाही. वस्तीच्या बैठकीत ही मागणी लेखी नोंदवा आणि महापालिकेला द्या.