सिरक्यावरील साय आणि कापसाचा धागा

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पश्चिम तीरावर, एखाद्या घरी गुळाचा किंवा जांभळाचा सिरका घालून ठेवला असता काही दिवसांनी बरणीत पृष्ठभागावर चिवट, पांढुरकी साय धरते. पुष्कळजण ती नासल्याची खूण समजून सिरका फेकून देतात. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी असेल तर फेकणेच योग्य. परंतु गुळगुळीत व रबरासारखी साय असेल तर ती बहुधा जंतूंनी विणलेली असते, आणि ज्या सेल्युलोज नावाच्या द्रव्याचा कापूस बनलेला असतो त्याच द्रव्याची ती असते.

इ. स. १८८६ मध्ये ए. जे. ब्राऊन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ही गोष्ट दाखवून दिली. या जंतूस पूर्वी असेटोबॅक्टर झायलिनम म्हणत. आता कोमागाटायबॅक्टर झायलिनस म्हणतात. त्याच्या अंगावर एका बाजूस, लांबीच्या दिशेने, सूक्ष्म छिद्रांची एक ओळ असते. प्रत्येक छिद्राशी द्राक्षशर्करेचे कण एकामागून एक जोडले जाऊन त्यांची साखळी बाहेर पडते. एक जंतू ताशी सुमारे १० कोटी कण अशा रीतीने जोडू शकतो. शेजारच्या साखळ्या एकमेकींस चिकटून बारीक तंतू होतो व ओळीतील सर्व तंतू मिळून एक चपटी फीत बनते. अंबाडीच्या वाखाची सुतळी व सुतळ्यांचा दोर व्हावा तसाच हा प्रकार होय. मात्र येथे वळणारे हात नसतात. फीत बाहेर पडताना जंतू स्वतः उलट दिशेस ढकलला जातो. असंख्य फिती गुंतून साय तयार होते व हवेची गरज असलेला जंतू तिच्या आधाराने वर राहतो.

साखळी करणे व साखळ्या जुळविणे ही दोन कामे निरनिराळी आहेत. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जंतूंच्या द्रवात साखळ्यांना चिकटणारे रंगद्रव्य मिसळले गेले. साखळ्या जुळेनाशा झाल्या, पण त्या बनण्याचा वेग चौपटीपर्यंत वाढला. म्हणजे एरवी वेग आवरला जातो तो जुळणीमुळे.

कापूस पिकविणाऱ्यास याचे काय, असे कोणी विचारील. या जंतूचे सेल्युलोज बनविणारे जनुक १९९० मध्ये हाती आले आणि त्याच्याशी साम्य पाहूनच १९९६ मध्ये कापसातील तशी जनुके ओळखता आली. कापसाचा प्रत्येक धागा ही सरकीच्या सालीवरील एकच पेशी असते. फूल उमलल्यावर सुमारे तीन आठवडे ती लांब होते. पुढे बोंड फुटेपर्यंत तिच्या आतील बाजूस सेल्युलोजचे थरावर थर बसतात. लांबी आधी ठरते, भरीवपणा नंतर येतो. त्या काळात पानांकडून साखर, जमिनीत ओल आणि रात्री ऊब हवी. रात्रीचे तापमान २२ अंशांखाली गेले की थर बसणे मंदावते.

दिवाळीनंतर वऱ्हाडात रात्री गार होतात आणि कोरडवाहू, विशेषतः उथळ जमिनीतील ओल सरते. म्हणून फरदडीचा धागा दिसावयास लांब असला तरी पोकळ राहतो, तुटतो, त्याच्या गाठी होतात व त्यावर रंग एकसारखा चढत नाही. गुलाबी बोंडअळीस त्याच उभ्या पिकात आश्रय मिळतो, हे वेगळेच. हा कापूस पहिल्या वेचणीत मिसळल्यास चांगल्या मालाचाही भाव जातो. तेव्हा वेचण्या निरनिराळ्या साठवाव्यात, पाण्याची सोय असल्यास बोंडे भरताना एक संरक्षक पाळी द्यावी आणि फरदड घेऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना हे प्रत्यक्ष दाखविता येईल. पहिल्या व शेवटच्या वेचणीचे शंभर-शंभर धागे १८ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावेत. द्रावण कातडी जाळते, म्हणून हातमोजे व चष्मा घालावा. पक्व धागे फुगून काडीसारखे गोल होतात, अपक्व धागे फितीसारखे चपटे राहतात. दोन्हींची मोजदाद करून आकडे शेतकऱ्यांसमोर फळ्यावर लिहावेत.