रोप लावणं हे शेवटचं काम

पुण्याच्या वेताळ टेकडीवर आमचा गट गेली बरीच वर्षं रविवारी सकाळी काम करतो. दर पावसाळ्यात नवी मुलं-मुली येतात आणि आल्या आल्या विचारतात, "झाडं कुठे लावायची?" त्यांचा उत्साह खरा असतो. त्यांच्यासाठी, आणि आपल्या गावातल्या टेकडीसाठी काही करू पाहणाऱ्या सगळ्यांसाठी, हे अनुभवाचे बोल.

१. आधी एक वर्ष टेकडी बघा.

पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. टेकडीवर मातीचा थर जेमतेम वीतभर, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. जुलैत हिरवीगार वाटणारी जागा मार्चमध्ये कशी दिसते ते पाहिल्याशिवाय खड्डा खणू नये. पाणी कुठून वाहतं, कुठे मुरतं, कोणत्या उतारावर दुपारचं ऊन भाजून काढतं, हे पायाखाली घातल्यावरच कळतं. फेब्रुवारीत पान नसलेल्या फांद्यांवर गणेर पिवळाजर्द फुलतो, मागोमाग पळस आणि पांगारा पेटतात. त्यांना कुणी पाणी घालत नाही. सालई, मोई, धावडा, मेडशिंगी, बहावा ही इथल्या उन्हाला सरावलेली झाडं. आम्ही त्यांच्याच बिया गोळा करून रोपं करतो.

२. गवत म्हणजे मोकळी जागा नव्हे.

हे पटवून द्यायला सर्वांत जास्त वेळ लागतो. माळावरचं गवत पाहिलं की लोकांना ते 'ओसाड' वाटतं आणि तिथे दाट झाडी लावण्याच्या योजना निघतात. आमच्याकडे कधीमधी येणाऱ्या एका धनगर मावशींनी एकदा कुसळीचं एक बी माझ्या तळहातावर ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला. त्याचं पीळ पडलेलं लांब कुसळ हळूहळू उलगडत फिरायला लागलं आणि टोकदार बी हाताला टोचायला लागलं. पावसात ते असंच स्वतःला जमिनीत रुजवून घेतं. कुसळी, पवन्या अशा गवतांची मुळं ती वीतभर माती धरून ठेवतात, म्हणून पहिल्या पावसात ती वाहून जात नाही. चंडोल आणि तितर याच गवतात जमिनीवर अंडी घालतात. सावली दाट झाली की हे गवत मरतं आणि त्याच्यावर जगणारे पक्षीही जातात. जिथे मुळात माळ आहे तिथे माळच राखावा, असं माझं ठाम मत आहे.

३. वणवा थांबवला तर निम्मं काम झालं.

दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एक पेटती सिगारेट पुरते. जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, या समजुतीनेही आग लावली जाते. वाढवलेली रोपं एका दुपारी कोळसा होतात, बियाही जातात. म्हणून नोव्हेंबरपासून आम्ही जाळरेषा काढतो, म्हणजे वाटेच्या कडेचा पट्टा गवत कापून मोकळा करतो, त्यामुळे आग पुढे सरकत नाही. आग लागलीच तर ओल्या हिरव्या फांद्यांनी कडेकडेने झोडपत आत जायचं, वाऱ्याच्या तोंडाला कधीच उभं राहायचं नाही. नवख्यांनी आगीजवळ जाऊच नये. वनरक्षकाचा नंबर मात्र प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवा.

४. चुकीचं झाडही एकदम तोडू नये.

पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाचं रान माजलं आहे. काही दशकांपूर्वी ते लावलं गेलं, कारण ते झपाट्याने वाढतं आणि गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. मूळ मध्य अमेरिकेतलं हे झाड, त्याच्याखाली इथलं फारसं काही आपोआप उगवत नाही. पण सरसकट तोडलं तर उघडा उतार उन्हात भाजतो आणि मातीही सुटते. त्याच्याच विरळ सावलीत देशी रोपं वाढवायची, ती खांद्याइतकी झाली की परवानगी घेऊन भोवतीचं गिरिपुष्प थोडंथोडं कमी करायचं. हे काम संथ आहे. फोटोत दिसत नाही.

५. जितक्यांना उन्हाळ्यात पाणी देता येईल, तितकीच रोपं लावा.

बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका रोज सकाळी पाच लिटरचे दोन कॅन घेऊन टेकडी चढतात. त्यांची रोपं ठरलेली आहेत. आळ्यात वाळकं गवत पसरून मग पाणी घालतात, त्यामुळे ओल टिकते. पहिले दोन-तीन उन्हाळे निघाले की देशी झाड आपलं आपण सांभाळतं. पर्यावरण दिनी हजारो रोपं लावून मे महिन्यात तिकडे न फिरकणाऱ्या कार्यक्रमांपेक्षा काकांच्या दोन कॅनवर माझा जास्त विश्वास आहे.

६. टेकडीचं काम खाली वस्तीत पोचतं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या या ओढ्याने घरं, भिंती, गाड्या ओढून नेल्या, वीसहून अधिक माणसं गेली. थोड्या वेळात प्रचंड पाऊस, असं आता वारंवार होणार आहे. अशा वेळी उघडे, फोडलेले उतार आणि भिंतींमध्ये आवळलेले ओढे मिळून वस्तीवर घाला घालतात. समपातळीवर खणलेला चर पाण्याचा वेग मोडतो, ते खडकाच्या भेगांतून मुरतं आणि खालच्या विहिरी-बोअरना मिळतं. चरातला गाळ दर उन्हाळ्यात काढावा लागतो, नाहीतर दोन वर्षांत तो भरून सपाट होतो.

७. कुदळीइतकंच कागदही हाताळायला शिका.

दहा वर्षं राखलेला उतार एका प्रस्तावात जाऊ शकतो. झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार आधी नोटीस लावावी लागते, आणि नागरिकांना हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना 'हेरिटेज' म्हणून वेगळं संरक्षण मिळालं आहे. विकास आराखड्यातल्या बदलांवरही हरकती-सूचना मागवल्या जातात. वेताळ टेकडीवरून रस्ता आणि बोगदे नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, त्यामागे नकाशे आणि अहवाल वाचत बसलेल्या मोजक्या नागरिकांची मेहनत होती. आमच्या गटात एक वकील ताई आहेत. त्यांनी कधी खड्डा खणला नाही, पण त्यांच्या हरकतींमुळे वाचलेली झाडं मी रोज बघतो.

गट लहान असला तरी चालतो. दहा जणांनी वर्षभर येणं, हजार जणांनी एक दिवस येण्यापेक्षा टेकडीच्या जास्त उपयोगाचं. तुमच्या जवळच्या टेकडीवर यंदा जायचं असेल तर जूनची वाट बघू नका. दिवाळी झाली की या, अंगभर कपडे आणि बंद बूट घालून, विळा असेल तर तोही घेऊन. जाळरेषेला माणसं नेहमीच कमी पडतात.