विलायतेला जाण्याआधी छातीचा एक्स-रे

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे आपल्या वस्त्यांतली मुले-मुली इंग्लंडला शिकायला जाऊ लागली आहेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांसाठी सगळे घर धावपळ करते. टीबी नसल्याचा दाखला मात्र शेवटी आठवतो.

सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्कामाच्या व्हिसासाठी भारतातून अर्ज करणाऱ्याला हा दाखला लागतो. सरकारी दवाखान्याचा किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा चालत नाही. ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच तपासणी होते आणि पैसे आपल्यालाच भरावे लागतात. एक्स-रे साफ असेल तर दाखला मिळतो. एक्स-रेच्या तारखेपासून तो सहा महिने चालतो.

डाग दिसला तर मात्र थांबावे लागते. लागोपाठ तीन दिवस सकाळचा बेडका द्यायचा असतो. तो प्रयोगशाळेत वाढवून बघतात; त्याला आठ आठवडेही लागू शकतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाचे असेच झाले. लहानपणी त्याने टीबीचा पूर्ण कोर्स घेतला होता, पण "तिथे सांगू नकोस, व्हिसा जाईल," असे घरच्यांनी बजावले. एक्स-रेत जुना व्रण दिसायचा तो दिसलाच. उपचाराची फाईल घरात सापडेना. अहवाल येईपर्यंत कॉलेज सुरू झाले आणि त्याचे ते वर्ष हुकले.

खरे तर पूर्वी टीबी होऊन बरा झाला एवढ्यावर दाखला नाकारत नाहीत. आज रोग आहे का, एवढेच ते बघतात. म्हणून पूर्वी उपचार झाले असतील तर स्वतःहून सांगा; जुनी फाईल, जुने एक्स-रे सोबत न्या. घरात कोणाला टीबी असेल तर तेही लपवू नका. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपतात तिथे टीबी होणे ही काही कोणाची नाचक्की नाही. आणि बाई गरोदर असेल तर तिने एक्स-रेच्या आधीच सांगावे. तिला एक्स-रेऐवजी बेडक्याची तपासणी मागता येते.

रोग निघालाच तर सरकारी केंद्रात औषधे फुकट मिळतात, शिवाय पोषणासाठी दरमहा 1000 रुपये बँक खात्यात येतात. कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. तो पूर्ण करून दाखल्यासाठी पुन्हा जाता येते. प्रवेशाचे पत्र सप्टेंबरचे असेल तर एक्स-रे मे महिन्यातच काढून घ्यावा.